टेबलावरचं घुबड

काकाचे केस तिशीतच पांढरे झाले, तेव्हापासून बेकरीत त्याच्याहून मोठी माणसंही त्याला काकाच म्हणायची. त्यामुळे लग्नानंतर बायकोच्या मुलीनं, भिंगरीनं, त्याला काका म्हणायला सुरुवात केली ते त्याला खुपलं नाही. खुपायचं ते वेगळंच. भिंगरी आपल्या बापाला "बाबा, तू" म्हणायची आणि त्याला "काका, तुम्ही". बाप दुसऱ्या शहरात, महिनोन्‌महिने तोंड न दाखवणारा, तो अरेतुरे. आणि रोज शाळेतून आल्यावर दार उघडणारा, दप्तरातला खरकटा डबा शोधून काढणारा माणूस मात्र अहोजाहो. काकानं हे कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्यासारखं ते नव्हतंच.

भिंगरी आठ वर्षांची होती. एका जागी बसत नाही म्हणून तिला ते नाव पडलं होतं. दोन घासांच्या मधे तिची घरभर एक चक्कर व्हायची. तिची आई इस्पितळात एक्स-रे काढायची आणि तिला सुटायला संध्याकाळ व्हायची. काका पहाटे भट्टीवर जायचा आणि दुपारी मोकळा व्हायचा. त्यामुळे दुपार ते संध्याकाळ भिंगरी काकाच्या ताब्यात असायची. ताब्यात म्हणजे त्याच्या नजरेसमोर, एवढंच. ताबा तिचा तिच्याकडेच होता.

एका दुपारी काका ट्रेचा चटका बसलेल्या मनगटाला मलम लावत होता. भिंगरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. साखरेच्या बरणीला टेकवून तिनं टॅब उभा केला होता.

"काका, सगळं लावू का?"

"काय लावतेस?"

"चिप्स. माझ्याकडे दोन राजे आहेत."

काका मलमाची ट्यूब तशीच हातात धरून तिच्या मागे जाऊन उभा राहिला. पडद्यावर एक हिरवं लंबगोल टेबल होतं. भोवती गोलात खेळणाऱ्यांची चित्रं होती. एक गॉगल घातलेला कुत्रा, एक लाल गाडी, नुसत्याच मिशा, आणि एक घुबड. मधे पत्ते उघडे पडलेले, आणि पैशांऐवजी लावायच्या रंगीत चकत्यांचे, म्हणजे चिप्सचे, ढीग.

"हा कुठला खेळ?"

"पोकर."

"कुणी शिकवला?"

"बाबानं. ते घुबड दिसतंय ना, तो बाबा."

तेवढ्यात घुबडाच्या चित्रातून दोन छोटे हात निघाले आणि त्यांनी टाळी वाजवली. भिंगरी हसली. हात तोंडावर ठेवून, अगदी मनापासून. तशी ती काकाच्या कुठल्याही विनोदावर हसली नव्हती.

संध्याकाळी तिची आई आली, पर्स खुंटीला लावली, आणि तिनं चपला काढायच्या आत काकानं विचारलं, "ती पोकर खेळते, तुला माहीत आहे?"

"माहीत म्हणजे काय, मीच टॅबवर घालून दिलं."

"आठ वर्षांची आहे ती."

"खोट्या चिप्स आहेत रे. रोज फुकट मिळतात. संपल्या तर दुसऱ्या दिवशी परत येतात."

"त्यात वय विचारतात ना? अठरा पूर्ण आहेत का म्हणून?"

"सगळीकडेच विचारतात. खूण केली की पुढे जाता येतं."

"कुणी केली खूण?"

"मी केली." तिनं डब्याची पिशवी ओट्यावर जरा आपटूनच ठेवली. "हे बघ, वेगळे झाल्यापासून तो फोन किती वेळा करायचा माहीत आहे तुला? तिच्या वाढदिवसाला. तोही दुसऱ्या दिवशी, विसरलो म्हणून. हा खेळ सुरू झाल्यापासून तो येतो. बोलत नाही, पण येतो. ती शाळेतून पळत येते. हे मी बंद करू?"

"बंद कर असं नाही, पण—"

"शिवाय तिच्या बेरजा सुधारल्यात. शाळेतल्या बाई म्हणाल्या."

"बेरजा बेकरीतही सुधारतील. आणून बसव पाव मोजायला."

ती हसली नाही. "हा तिच्या बापाचा आणि माझा विषय आहे. तू मधे पडू नकोस," ती म्हणाली. हळूच म्हणाली. आवाज चढवून म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. काका गॅलरीत गेला आणि दोरीवरचे कपडे काढून घड्या घालू लागला. मोज्यांच्या जोड्या सगळ्या चुकल्या.

त्यानंतर त्याची पंचाईत अशी झाली की तोंड उघडावं तर ते जळणंच वाटणार. बापलेकीच्या मधे हा कोण आला, असंच कुणीही म्हणणार. आणि खरं सांगायचं तर तो जळत होताच थोडा. पण जळणाऱ्या माणसाला दिसतं ते खोटंच असतं असं थोडंच आहे? त्याला जे दिसत होतं ते त्याला आवडत नव्हतं. खाली अंगणातून शेजारच्या मुली हाका मारायच्या, ही "आले आले" म्हणायची आणि जागची हलायची नाही. भिंगरी म्हणावी अशी पोर दुपारच्या दुपार एका खुर्चीवर. बाबा आलेला नसला तर ती या टेबलावरून त्या टेबलावर घुबड शोधत फिरायची. नाही सापडलं तर जिथे जागा मिळेल तिथे बसायची आणि वाट बघता बघता खेळायची. चिप्स संपल्या की पडद्यावर एक बाई यायची आणि खऱ्या पैशांत नवीन चिप्स घ्यायला गोडीगुलाबीनं सांगायची. भिंगरी तिला सराईतपणे बाजूला सारायची. आज सारतेय, काकाच्या मनात यायचं. अजून चार वर्षांनी?

"ही बाकीची माणसं कोण असतात गं?" त्यानं एकदा विचारलं.

"माणसं."

"म्हणजे कोण? कुठली?"

"काका, ते असं नाही विचारायचं. हा कुत्रा आहे ना, हा डरपोक आहे. ही गाडी उगाच दामटते, हातात काही नसताना. एवढंच लागतं आपल्याला."

काकानं एक उपाय करून पाहिला. त्यानं दुकानातून पत्त्यांचा खराखुरा कॅट आणला, चिप्सच्या जागी शर्टाची जुनी बटणं घेतली आणि तिला म्हणाला, चल, आपण खेळू. ती आली, दोन-चार डाव खेळली, सगळी बटणं जिंकली आणि जांभई देत म्हणाली, "काका, तुमच्याबरोबर मजा नाही येत. तुमच्या तोंडावर सगळं दिसतं. चांगलं पान आलं की तुमचे कान वर जातात."

ती टॅबकडे परत गेल्यावर काका न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहून कान हलतात का ते बघत होता. हलत नव्हते. पण तो एकटाच होता आणि हातात पान नव्हतं.

बेकरीत पॅकिंगला एक ताई होती. तिनं तीन मुलं वाढवून मार्गी लावली होती आणि कुणाच्याही घरातल्या भानगडीत तिला मनापासून रस असायचा. पावांच्या लाद्या पिशव्यांत भरताना काकानं तिला हे सगळं सांगितलं.

"सावत्र बाप म्हणजे भाडेकरू रे," ती हात न थांबवता म्हणाली. "भिंतीला खिळा ठोकायचा म्हटलं तरी मालकाला विचारायला लागतं."

"मग काय करू?"

"काय करणार? मालकाला विचार. फोन लाव त्या बापाला."

"आणि हिला कळलं तर?"

"मग ऐकून घे. तसंही ऐकतोच आहेस."

काकानं फोन लावला नाही. नंबर त्याच्याकडे होता. शाळेच्या कुठल्याशा कामासाठी बायकोनंच कधीतरी दिला होता. रोज सकाळी तो ठरवायचा आणि रोज दुपारी ते राहून जायचं. माणूस स्वतःवर चिडतो तेव्हा दुसऱ्यांवर चिडणं सोपं होतं, तसा तो त्या दिवसांत कणीक मळणाऱ्या यंत्रावर चिडला, दूधवाल्यावर चिडला, आणि भिंगरीवर चिडायचं मात्र प्रयत्नपूर्वक टाळत राहिला.

एव्हाना तिच्या मागे उभं राहून राहून त्याला खेळ बऱ्यापैकी कळायला लागला होता. एका दुपारी तिच्या हातात दोन एक्के आले. मधे तिसरा एक्का उघडला. काका पुढे वाकला. समोर फक्त घुबड उरलं होतं आणि त्यानं बऱ्याच चिप्स पुढे सरकवल्या होत्या. भिंगरीनं थोडा विचार केल्यासारखं केलं आणि पत्ते टाकून दिले.

"अगं, काय केलंस? तीन एक्के होते ना तुझ्याकडे?"

"समोर बाबा होता."

"मग?"

"तो हरला की निघून जातो," भिंगरी म्हणाली. आपल्याला इतकं साधं कसं कळत नाही, असा तिचा सूर होता. "जिंकला की थांबतो. म्हणून मी त्याच्यासमोर नाही जिंकत. म्हणजे कधी कधी जिंकते, त्याला संशय येऊ नये म्हणून. पण थोडंसंच."

घुबडानं टाळी वाजवली. काका मोरीशी गेला आणि त्यानं नळ सोडला. घासायला काहीच नव्हतं. एक धुतलेला पेला त्यानं परत धुतला आणि पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळची शेवटची भट्टी लावून झाल्यावर तो मैद्याच्या पोत्यांमागे जाऊन उभा राहिला आणि त्यानं फोन लावला.

"हॅलो, मी भिंगरीच्या घरून बोलतोय." यापुढे आपण कोण म्हणून सांगायचं ते त्याला पटकन सुचलं नाही.

"काय झालं? तिला काय झालं?" पलीकडचा आवाज खरोखर घाबरला. काकाला त्याचाही वैताग आला. हा माणूस नुसता वाईट असता तर किती बरं झालं असतं.

"काही नाही, बरी आहे ती. शाळेत गेलीय. मला त्या पोकरबद्दल बोलायचं होतं."

"अच्छा. तुम्ही ते काका ना?"

"हो. मला असं वाटतं की लहान मुलीला भेटायचं तर त्या खेळात भेटण्यापेक्षा तुम्ही—"

"तिच्या आईनं सांगितलंय का तुम्हाला फोन करायला?"

"नाही."

"मग माफ करा. हे मला तुमच्याकडून ऐकायचं नाहीये."

"ती तुमच्यासमोर मुद्दाम हरते. माहीत आहे तुम्हाला?"

"कधी?"

"रोजच. कालसुद्धा. तीन एक्के टाकून दिले तिनं, तुम्ही जिंकावं म्हणून."

"काल? काल मी कुठे होतो?"

"घुबड होतं की. मी स्वतः बघितलं."

"अहो, मी ते ॲप कधीच काढलं. म्हणजे नवीन फोन घेतला, त्यावर घातलंच नाही. कामाच्या रगाड्यात राहून गेलं. झाले असतील दोन-तीन महिने."

काकानं पोत्याला हात टेकला. हाताला मैदा लागला. "मग ते घुबड कोण आहे?"

"मला काय माहीत? ती चित्रं तयारच मिळतात. कुणीही घेतं." मग वेगळ्याच आवाजात त्यानं विचारलं, "तिला वाटतंय मी आहे?"

"हो."

"मी संध्याकाळी फोन करतो तिला. आता जरा गडबडीत आहे," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

पोत्यांमागून काका बाहेर आला तोवर एक अख्खा ट्रे काळा पडला होता. मालकानं त्याला चार शब्द सुनावले. काकानं ते मुकाट्यानं ऐकले. निदान इथे चूक कुणाची ते तरी स्पष्ट होतं.

त्या दुपारी त्यानं पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं. घुबडाच्या खाली बारीक अक्षरांत एक नाव होतं. परक्या लिपीत, शेवटी काही आकडे.

"बाबाचं नाव असंच होतं का गं?"

भिंगरीनं वर न बघता म्हटलं, "चित्र तेच आहे ना."

कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खोलीत कुणीतरी बसलं असेल. म्हातारं असेल, तरुण असेल, कंटाळलेलं असेल. एक खेळाडू आपल्यापुढे सारखा हरतो म्हणून खूश होऊन टाळी वाजवत असेल. आपण कुणाचा तरी बाप झालोय हे त्याच्या गावीही नसेल. काकाला त्याचाही राग येईना. राग कुणावर काढावा हेच कळेना, आणि त्यामुळे तो जास्तच साठत गेला.

संध्याकाळी भिंगरी खाली खेळायला गेल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. बाबाचा फोन आलेला नव्हता. आलाही नाही.

"तू त्याला फोन केलास?" तिनं पहिलं हेच विचारलं. "मी नको म्हटलेलं असताना?"

"नको म्हटलं नव्हतंस. मधे पडू नकोस म्हणाली होतीस."

"शब्दांत पकडू नकोस मला."

"बरं, पडलो मधे. पण मी काय सांगतोय ते ऐकलंस का? तो नाहीये तिथे. महिनोन्‌महिने नाहीये."

तिनं टॅब उचलला, उघडला, बंद केला. पुन्हा उघडला. दिवसभर लोकांची हाडं बघणारी बाई ती, तुटलेलं कुठे आहे ते तिला एका नजरेत कळायचं. पण त्या टेबलाकडे ती नुसतीच बघत राहिली. घुबड त्या वेळी नव्हतं. कुत्रा होता.

"मला वाटलं, निदान एवढं तरी करतोय," ती म्हणाली.

काका तिच्या शेजारी बसला. काही बोलावं असं त्याला वाटलं, पण त्याआधी तीच सावरून बसली आणि म्हणाली, "मी त्याला सांगते परत घालायला. आज रात्रीच घालेल तो, मी मागे लागले तर. तेच चित्र घेईल. मग खरं घुबड येईल आणि हे जे कुणी आहे ते जाईल बाजूला. तिला कळायचंही नाही."

काका उठला. लग्नानंतर त्याचा आवाज या घरात पहिल्यांदाच चढला, तोही फार नाही. "ती आठ वर्षांची आहे. पत्त्यांच्या टेबलावर बसून बापाची वाट बघते. आलाच तर त्याच्यापुढे हरते, म्हणजे तो जरा वेळ थांबेल. आणि तू म्हणतेस, हे असंच चालू ठेवू, फक्त घुबड बदलू?"

"मग काय करू? तिला सांगू, तुझा बाप नव्हताच म्हणून? तुला सोपं आहे म्हणायला. तुझी कोण आहे ती?"

हे बोलून तिनं टॅब बाजूला सरकवला. खालून मुलींच्या पळापळीचा आवाज येत होता.

"असं नव्हतं म्हणायचं मला," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"पण मला नाही जमणार सांगायला. तुला एवढं कळतंय ना सगळं? मग तूच सांग."

वैतागानं म्हणाली होती ती. मनात तसं नसेलही. पण काकानं ते धरलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेतून आली, हातपाय धुतले, टॅब घेऊन खुर्चीवर चढली. काका समोरच्या खुर्चीवर बसला. कसं सुरू करायचं ते त्यानं भट्टीसमोर पाठ केलं होतं, ते सगळं विसरला.

"ते घुबड बाबा नाहीये," तो म्हणाला.

"आहे."

"नाही गं. मी बाबाशी फोनवर बोललो. त्याच्या नव्या फोनवर हा खेळच नाही. हे दुसरं कुणीतरी आहे. चित्र तेवढं सारखं."

"तुम्ही खोटं बोलताय. तुम्हाला आवडत नाही मी खेळलेलं. म्हणून."

"आवडत नाहीच. पण खोटं नाही बोलत."

भिंगरी त्याच्याकडे बघू लागली. बटणं लावून खेळताना बघितलं होतं तशी. कपाळ, डोळे, तोंड, कान. काकानं तिला बघू दिलं. पापणीसुद्धा लवू नये असं त्याला वाटत होतं, आणि ती मात्र लवत होती. बऱ्याच वेळानं तिनं टॅब उलटा करून ठेवला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"नवीन फोन घेतला तेव्हापासून. दोन-तीन महिने."

"म्हणजे मी कुणालाही जिंकू दिलं?"

ती खुर्चीवरून उतरली, आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आपटलं नाही. काकानं दोनदा दारावर टकटक केली. दुसऱ्या वेळी आतून आवाज आला, "काका, तुम्ही जा ना."

मग एक वाईट काळ आला. भिंगरीनं बाबावर राग धरला नाही, आईवर धरला नाही. धरला तो काकावर. त्यानं वाढलेलं ताट ती आई येईपर्यंत तसंच ठेवायची. दप्तर स्वतः उपसायची. शाळेच्या फाटकाशी त्याला बघितलं तर चार पावलं मागून चालायची. आईनं खेळ टॅबवरून काढून टाकला, तेव्हा ती नुसती बघत राहिली आणि मग काकाकडे बघितलं, तुमच्यामुळे, अशा नजरेनं. काकाला वाटायचं, हे कसलं गणित? जो गेला तो सुटला, जिला लपवायचं होतं ती सुटली, आणि जो खरं बोलला तो अडकला.

बायकोशीही नीट बोलणं नव्हतं. एका रात्री जेवणानंतर भांडी विसळताना ती म्हणाली, "तू बरोबर होतास असं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस."

"मी कुठे काय म्हणतोय?"

"म्हणत नाहीस. पण उभा राहतोस तसा."

"कसा उभा राहतो?"

"बरोबर असल्यासारखा."

काका खाली बसला. मग तिला हसू आलं आणि त्यालाही, पण ते हसू फार टिकलं नाही.

बाबाशी मात्र भिंगरीच्या आईनं नीट बोलणं केलं. काय बोलली ते काकाला कळलं नाही. आतल्या खोलीत दार लावून बोलली. बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं. ठरलं ते असं की दर शनिवारी दुपारी तो समोरासमोर दिसेल असा फोन करेल. पहिल्या शनिवारी केलाही. भिंगरी केस विंचरून बसली होती. त्यानं विचारलं, अभ्यास काय म्हणतो. ती म्हणाली, ठीक. त्यानं विचारलं, मैत्रिणी काय म्हणतात. ती म्हणाली, ठीक. मग दोघं एकमेकांकडे बघत राहिली. टेबल नव्हतं, पत्ते नव्हते, आणि त्यांच्याशिवाय काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी भिंगरीनं फोन वर धरून त्याला छताचा पंखा दाखवला. "हा आवाज करतो," ती म्हणाली. "अरे वा," बाबा म्हणाला.

दुसऱ्या शनिवारी फोन उशिरा आला. त्यापुढच्या शनिवारी आलाच नाही. त्याऐवजी एक निरोप आला, कामात अडकलोय. काकाचा तिळपापड झाला. बेकरीत त्यानं ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय अपेक्षा होती तुझी? एका फोननं बाप सुधारतो होय?"

"मग मी कशाला एवढं केलं?"

"ते मला नको विचारूस," ताई म्हणाली आणि तिनं पिशवीला गाठ मारली.

चौथ्या शनिवारी काका गाळणीत तांदूळ निथळत होता. आई कामावर होती. भिंगरी बाहेरच्या खोलीत आईनं घरी ठेवलेल्या फोनसमोर बसली होती. खालून हाका येत होत्या. ती खिडकीशी जायची, परत फोनकडे यायची. काका आतून बघत होता आणि गाळणीतलं पाणी केव्हाच निथळून गेलं होतं. जाऊ का बाहेर, म्हणू का काही, असं त्याचं चाललं होतं. मग त्याला बाहेरून तिचा आवाज ऐकू आला. तिनं स्वतःच फोन लावला होता.

"बाबा, तू आज करणार होतास."

पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. मागे बाजाराचा गोंगाट होता.

"हो, पण करणार नसशील तर आधी सांगत जा. सकाळीच. मला खाली खेळायला जायचं असतं."

पुन्हा काहीतरी आलं.

"नाही, रागावले नाही. पण आता मी चाललेय," भिंगरी म्हणाली. "बाय."

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि दार उघडून जिन्यानं धाडधाड उतरत गेली. दार उघडंच टाकलं. काका हात पुसत बाहेर आला. त्यानं खिडकीतून पाहिलं. ती अंगणाच्या टोकाला पोचली होती आणि कुणाशी तरी वाद घालत होती, राज्य कुणावर यावरून. आता आपल्याला बरं वाटायला हवं, असं काकाला वाटलं. पण बरं वाटलं नाही. आठ वर्षांच्या मुलीनं बापाला वेळ पाळायला शिकवायचं, यात बरं वाटण्यासारखं काय होतं? त्याच्या छातीत सगळं तसंच दाटून राहिलं होतं. बापावरचं, बायकोवरचं, आणि थोडं त्या कुठल्याशा घुबडावरचंही.

खालून भिंगरीनं मान वर करून पाहिलं. त्याला खिडकीत बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, पाणी टाका ना खाली. बाटली राहिली," ती ओरडली.

काकानं बाटली भरली. वरून टाकली तर फुटेल म्हणून तो जिना उतरून द्यायला गेला. तिनं ती घेतली, गटागटा अर्धी प्यायली, उरलेली त्याच्याच हातात परत दिली आणि खेळायला पळाली.